पालखी कुणाची, फोटो कुणाचा?

मंडळी, नवरात्र तोंडावर आलंय. आठवड्याभरात कवठ्यात येमाईच्या देवळाकडे जाणारा रस्ता फ्लेक्सनी भरून जाईल. दर वर्षी भरतो. मधोमध हात जोडलेले नेते, त्यांच्या खाली त्यांचे कार्यकर्ते, कार्यकर्त्यांच्या खाली पासपोर्ट साइजमध्ये पोरं, आणि वर कोपऱ्यात टिकलीएवढी आई येमाई. यावर राग काढणाऱ्या पोस्टी तुम्ही भरपूर वाचल्यात, मी आणखी एक लिहिणार नाही. मला वेगळंच सांगायचंय. उत्सवाचं चित्र छापायचं आणि त्यातून सत्ता कुणाची ते दाखवायचं, ही रीत फ्लेक्सवाल्यानं आणलेली नाही. ती आपल्या जिल्ह्यात निदान सव्वादोनशे वर्षं जुनी आहे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात शनिवारवाड्यापासून करू. वाड्यात गणेश रंगमहाल होता. पेशव्यांचा गणेशोत्सव तिथं व्हायचा आणि मोठे दरबारही तिथंच भरायचे. देवाचा उत्सव आणि राज्याचा दरबार या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या नव्हत्याच. दसऱ्याचं सीमोल्लंघन म्हणजे पूजा तर होतीच, पण फौज बाहेर पडण्याचा मुहूर्तही होता. कोण कुठं बसतो, कुणाला विडा आधी मिळतो, कुणाचा हत्ती पुढं, यावरून दरबारातली किंमत ठरायची. आणि सत्तेचा दुसरा चेहराही त्याच वाड्यानं पाहिला. नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो ३० ऑगस्ट १७७३ ला, गणेशोत्सवाच्याच दिवसांत.

१७९० साली इंग्रज, पेशवे आणि निजाम यांचा टिपूविरुद्ध तह झाला. पुण्यात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. सवाई माधवरावांचं वय तेव्हा सोळा. कारभार नाना फडणवीसांच्या हातात. या तहाच्या दरबाराचं एक मोठं तैलचित्र आहे, आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. पाठ्यपुस्तकांत, दिवाळी अंकांत, पुण्याच्या इतिहासावरच्या पुस्तकांत तुम्ही ते कुठं ना कुठं पाहिलं असणार. खांबांचा महाल, पांढऱ्या अंगरख्यांची गर्दी, पगड्यांच्या रांगा आणि मधे पेशव्यांसमोर इंग्रज. तो महाल म्हणजे हाच गणेश रंगमहाल असं मानतात.

आता गंमत बघा. हे चित्र रंगवलं थॉमस डॅनियल नावाच्या चित्रकारानं, १८०५ साली, इंग्लंडमध्ये. म्हणजे प्रसंगानंतर पंधरा वर्षांनी. डॅनियल त्या दरबारात नव्हता. त्यानं आधार घेतला तो जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं केलेल्या अभ्यासचित्रांचा. आणि वेल्स तरी कुठं होता? तो पुण्यात आला १७९२ साली, तहानंतर दोन वर्षांनी. त्यानं पेशव्यांची, नानांची माणसं समोर बसवून चित्रं काढली, महाल पाहिला, पण तो दिवस नाही पाहिला. मोठं चित्र पूर्ण करायच्या आत, १७९५ मध्ये, तो वारला. पुढं त्याच्या मुलीशी, सुझॅनाशी, मॅलेटनं लग्न केलं. म्हणजे चित्राचा नायक, आणि ज्याच्या कच्च्या चित्रांवरून ते बनलं तो चित्रकार, हे सासरे-जावई! आमच्याकडं नेत्याच्या मेहुण्याचं फ्लेक्सचं दुकान असतं, त्यातलाच प्रकार म्हणा.

या चित्राला खरी ताकद आली ती त्याची छापील प्रत निघाली तेव्हा. १८०७ साली चार्ल्स टर्नर या कोरीवकारानं त्याचं मेझोटिंट केलं. मेझोटिंट म्हणजे तांब्याचा पत्रा सगळा खरबरीत करायचा, मग जिथं उजेड हवा तिथं तो घासून गुळगुळीत करायचा. अंधारातून उजेड काढायचा, अशी ती पद्धत. तैलचित्र एका दिवाणखान्यात टांगलेलं राहतं. छापील चित्र शंभर घरांत जातं. १८०७ मध्ये लंडनमधल्या ज्या माणसानं ते विकत घेतलं असेल त्याला काय दिसलं? की पुण्याचा पेशवा भर दरबारात, एवढ्या थाटात, आमच्या माणसाचा मान राखतोय. १८०२ च्या वसईच्या तहानंतर दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आसऱ्याला गेलेला होता, १८०३ च्या युद्धात शिंदे-भोसले हरलेले होते. म्हणजे चित्र १७९० च्या दरबाराचं, पण अर्थ १८०७ च्या सत्तेचा. त्यात कुणी खोटी पगडी रंगवलेली नाही की खोटा खांब उभा केलेला नाही. तरी ते चित्र एका बाजूनं बोलतं. मला वाटतं छापील चित्राचा हाच खरा धोका. तपशील बरोबर असतो म्हणून आपण सगळ्याच गोष्टीवर विश्वास ठेवतो.

वेल्सबरोबर एक पुणेरी माणूस काम करत होता, गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. त्यानं मॅलेटसाठी पुण्याची माणसं, जनावरं, वेरूळची लेणी काढली. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. गंगारामचं नाव टिकलं ते मॅलेटनं कागद जपले म्हणून. असे नाव न टिकलेले किती असतील?

एक उदाहरण तर पुस्तकाच्या पहिल्या पानावरच आहे. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. वकिलाच्या संरक्षक तुकडीचा तो प्रमुख. छावणीतून त्यानं लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपानं निघाली, दहा रंगीत चित्रांसह. ती चित्रं कुणाची? मुखपृष्ठावर एवढंच छापलंय की ‘एका देशी चित्रकारानं’ काढलेली. बस.

पण ब्रॉटनचा मजकूर मोठा मजेशीर आहे. शिंद्यांच्या दरबारातल्या होळीचं वर्णन त्यानं केलंय. इंग्रज मंडळी दरबारात गेली आणि रंगात न्हाऊन निघाली. आग विझवायच्या मोठ्या पंपाची नळी खुद्द दौलतरावांच्या हातात, आत पिवळं पाणी, पंप हाणायला माणसं लावलेली, आणि महाराज समोर येईल त्याला भिजवतायत. एरवी ज्या साहेबाशी बोलताना शब्दाशब्दाला तोलून बोलावं लागतं, त्याला त्या दिवशी नळीनं झोडपायची मुभा. आपल्याकडच्या रंगपंचमीत पोरं गावच्या पाटलाला चिखलात लोळवायची तसंच. पण नळी कुणाच्या हातात आहे ते विसरू नका. उलथापालथीचा सण असला तरी नळी महाराजांच्याच हातात. ब्रॉटननं मोहरमबद्दलही लिहिलंय. शिंदे हिंदू, पण मोहरम त्यांच्या छावणीत दरबारी इतमामानं व्हायचा आणि महाराज स्वतः त्यात भाग घ्यायचे. ज्यांना आज ही गोष्ट नवी वाटते त्यांनी आपल्याच भागातल्या जुन्या गावांतले ताबूत आठवावेत, डोले खांद्यावर कोण घ्यायचं ते आजोबांना विचारावं.

आता दुसऱ्या जातीची चित्रं. ही मला जास्त टोचतात.

युरोपात परक्या लोकांच्या धर्मविधींची चित्रं छापायचा धंदा फार जुना. ॲमस्टरडॅममध्ये १७२३ पासून बर्नार पिकार या कोरीवकाराच्या चित्रांचे जगभरच्या धर्मांवरचे जाडजूड खंड निघाले. त्यात हिंदुस्थानातले सण, विधी, मिरवणुका आहेत. पिकार हिंदुस्थानात कधीच आला नाही. दुसऱ्यांची वर्णनं आणि चित्रं समोर ठेवून त्यानं कोरलं. तरी त्या पुस्तकाचा सूर बराचसा ‘बघा, माणसं जगभर आपापल्या परीनं देव पूजतात’ असा होता. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या मासिकांतली लाकडी ठशांची चित्रं आली आणि सूर पालटला. त्यांची दोन चित्रं ठरलेली. एक पुरीचा रथ आणि चाकाखाली माणसं. दुसरं, पाठीत गळ टोचून खांबाला लटकलेला माणूस, म्हणजे आपलं बगाड.

बगाड आपल्याला नवं नाही. वाई तालुक्यातल्या बावधनचं बगाड आजही रंगपंचमीला निघतं, लाखभर माणूस गोळा होतं, आता बगाड्याला दोरानं आणि कापडानं बांधतात. बंगालात तोच प्रकार चडक पूजा म्हणून व्हायचा आणि तिथल्या सरकारनं गळ टोचणं १८६५ मध्ये बंद केलं. गळ टोचणं चांगलं होतं असं मी म्हणत नाही, मला ते बघवलं नसतं. पण चित्रात काय गाळलंय ते बघा. बगाड ओढणाऱ्या बैलांच्या जोड्या कुठल्या वाडीच्या, दोर कुणी वळला, नवस कशासाठी होता, बगाड्या कुठल्या घरातला, त्याला मान काय, हे सगळं गायब. उरतो फक्त लोंबणारा देह आणि खाली हात वर केलेली बिनचेहऱ्याची गर्दी. ते चित्र इंग्लंडातल्या रविवारच्या शाळेत पोराच्या हातात पडलं की त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की व्हायची: या लोकांवर राज्य करणं हे पुण्याचं काम आहे.

आणि ढोंग असं की, पुरीचा रथ म्हणजे रानटीपणा असं ओरडणं चालू असताना त्याच कंपनी सरकारनं १८०६ पासून १८४० पर्यंत पुरीच्या यात्रेकरूंकडून कर घेतला. देवळाच्या दारात पैसे घ्यायचे आणि बाहेर चित्र विकायचं की बघा काय हे लोक! इंग्रजी भाषेत जगन्नाथापासून ‘जगरनॉट’ शब्द आला. समोर येईल ते चिरडणारी शक्ती, असा त्याचा अर्थ. जगाच्या नाथाचं काय करून टाकलं ते एका शब्दात कळतं. छापलेल्या चित्राची ताकद ही अशी.

मग आपल्या हातात छापखाना आला.

तांब्याचा पत्रा महाग, कोरायला महिने लागायचे, म्हणून ती चित्रं श्रीमंतांची. दगडावरची छपाई, म्हणजे लिथोग्राफी, जर्मनीत १७९६ च्या सुमारास निघाली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं काढायचं, दगड ओला करायचा, पाणी तेलाला धरत नाही म्हणून शाई चित्रापुरतीच बसते. एका दगडावरून हजारो प्रती. हे तंत्र आल्यावर चित्र दिवाणखान्यातून माजघरात आलं.

पुण्यात १८७८ साली चित्रशाळा सुरू झाली. तिच्यामागं विष्णुशास्त्री चिपळूणकर होते, तेच निबंधमालेचे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं आणि केसरी १८८१ चा. म्हणजे शाळा आणि वर्तमानपत्राच्याही आधी या लोकांनी चित्रांचा छापखाना काढला! हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वाचता येणारी माणसं मूठभर होती. चित्र मात्र सगळ्यांना वाचता येतं, हे त्यांना कळलेलं होतं. पुढं वासुकाका जोश्यांनी तो छापखाना चालवला. चित्रशाळेनं काय छापलं? रामपंचायतन छापलं, देवदेवता छापल्या, आणि त्याच कागदावर, त्याच रंगांत, शिवाजी महाराज, पेशवे, नाना फडणवीस छापले. भिंतीवर राम आणि नाना शेजारी शेजारी टांगले गेले. ज्या पेशवाईचं मेझोटिंट लंडनमध्ये इंग्रजांच्या विजयाची खूण म्हणून विकलं गेलं, तीच पेशवाई आता पुण्यातून गावोगावी गेलेली राज्याची आठवण म्हणून विकली जाऊ लागली. एका ओळीचंही भाषण न करता.

दुसरा मोठा छापखाना राजा रविवर्म्याचा. १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढं कार्ल्याजवळ मळवलीला गेला, नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमात जाण्याआधी तिथं काम केलेलं. देव जमिनीवर चालतात कसे, पाळण्यातला कृष्ण दिसतो कसा, हे त्या दगडांवरून आधी कागदावर आणि मग पडद्यावर गेलं. जुन्या घरांतून या छापखान्याच्या तसबिरी अजून सापडतात. लक्ष्मी, सरस्वती, दत्त. बायकांनी त्यावर जरी शिवलेली, टिकल्या लावलेल्या. छापील प्रत हजारांतली एक, पण टिकल्या लावल्या की ती आपल्या घरची. आणि खंडोबा-म्हाळसा घोड्यावर, खाली मणी-मल्ल, हे चित्र तर आपल्या भागात घरोघरी. जेजुरीहून येताना भंडाऱ्याच्या पुडीबरोबर ते यायचंच.

त्यानंतर सार्वजनिक गणपती. भाऊसाहेब रंगाऱ्यांनी १८९२ साली बसवलेला गणपती राक्षसाला मारणारा आहे, बसून आशीर्वाद देणारा नाही. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली, १८९४ पासून टिळकांनी उत्सवाला जोर लावला, मेळे निघाले. तोवर पुण्यातले कितीतरी हिंदू मोहरमच्या मिरवणुकीत हौसेनं जात होते. मेळ्यांचा बाजही बराचसा तिथूनच आलेला. माणसं एका मिरवणुकीतून दुसरीत वळवली गेली. हे सांगितलं की काहींना राग येतो, पण इतिहास आपल्या सोयीनं कापता येत नाही. त्याच पुण्यात गुरुजी तालमीचा गणपती १८८७ पासूनचा, एका हिंदू आणि एका मुस्लिम घराण्यानं मिळून बसवलेला. मानाच्या पाचांत तो आज तिसरा. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, हा विसर्जनाचा क्रम म्हणजे दरबारात कोण कुठं बसणार याचीच आजची आवृत्ती. दर वर्षी त्यावरून वाद होतात ते उगीच नाही.

१८९६ साली रायगडावर शिवोत्सव झाला. असल्या उत्सवांत महाराजांची तसबीर पालखीत ठेवून मिरवली जायची. म्हणजे बघा, छापलेलं चित्रच आता पालखीत बसलं. आधी उत्सवाचं चित्र निघायचं, आता चित्राचा उत्सव होऊ लागला. १८९७ च्या जूनमधल्या शिवोत्सवातली भाषणं केसरीत छापली, काही दिवसांत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन दीड वर्षाची शिक्षा झाली. सरकारला कळून चुकलं की उत्सव आणि छापखाना एकत्र आले की काय होतं. १९१० च्या प्रेस ॲक्टमध्ये ‘दस्तऐवज’ या शब्दाची व्याख्या करताना त्यात चित्र, रेखाटन, फोटो आणि डोळ्यांना दिसेल अशी कुठलीही आकृती धरली गेली. देवीच्या पायाखालचा राक्षस नेमका कोण, त्याचा रंग कुठला, त्याच्या अंगात कपडे कुठले, हे आता सरकारी कचेरीत बसून तपासता येणार होतं. देवाच्या तसबिरीला राजद्रोहाचा दस्तऐवज मानणारं सरकार! चित्रशाळेच्या मंडळींना याहून मोठी पावती कुणी देऊ शकलं नसतं.

पण या गोष्टीत एक खोच आहे आणि ती दडवून चालणार नाही. चित्रशाळेनं जी आठवण छापली ती कुणाची होती? जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्येच शिवाजी महाराजांवर पवाडा लिहून वेगळे महाराज उभे केले होते, कुळवाड्यांचे. पेशवाईच्या तसबिरीसमोर हात जोडणं फुल्यांच्या माणसांना शक्य नव्हतं. सत्यशोधकांचे जलसे निघाले, आणि १९२० च्या दशकात पुण्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा काढला. गणपतीच्याच दिवसांत, गणपतीच्याच रस्त्यावर, दुसरी गाणी. त्यावरून पुण्यात हाणामाऱ्यांपर्यंत प्रकरणं गेली. उत्सव सगळ्यांचा म्हणायचं आणि मधला फोटो एकाचाच लावायचा, याला विरोध तेव्हापासूनचा आहे.

आणि हा जलशाचा धागा थेट आपल्या मातीत येतो. जलसा, तमाशा, वग, ही भावंडंच. आपलं कवठे तमाशाचं गाव. बी. के. मोमीन कवठेकरांनी किती फडांसाठी वगनाट्यं आणि गाणी लिहिली, २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, हे तुम्हाला सांगायला नको. मोमीन आडनावाचा माणूस गण-गवळण लिहायचा आणि येमाईचं गाव त्याला आपलं भूषण मानतं. हे कुठल्या छापील चित्रात आलं नाही. यायला हवं होतं.

आमच्याकडची छापील चित्रं म्हणजे यात्रेची हँडबिलं. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद, मंचर-घोडनदीच्या ट्रेडल मशीनवर छापलेली. वर मधोमध देवीचा ब्लॉक, वर्षानुवर्षं तोच, झिजून झिजून देवीचे डोळे पुसट झालेले. खाली कार्यक्रम: पहाटे अभिषेक, मांडवडहाळे, हारतुरे, रात्री छबिना, मग लोकनाट्य तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा, घाटात बैलगाडे. तमाशाची सुपारी नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन दिलेली. आणि शेवटी एकच सही: समस्त ग्रामस्थ.

‘समस्त ग्रामस्थ’ हा शब्द मला आवडतो, पण त्याच्या प्रेमात पडायला मी तयार नाही. त्या समस्तांत कोण होतं? पालखीला पहिला खांदा कुणाचा, नैवेद्य कुठल्या वाड्यातून, निर्णय कुणाच्या ओसरीवर, हे सगळं ठरलेलं असायचं, कागदावर फक्त दिसायचं नाही. वाजंत्री वाजवणारे, मशाल धरणारे, पोतराज, आराधी, गोंधळी, यांच्यावाचून छबिना निघत नव्हता आणि त्यांचं नाव कधी छापलं जात नव्हतं. ब्रॉटनच्या पुस्तकातला तो ‘देशी चित्रकार’ आणि आमच्या हँडबिलातला हलगीवाला, दोघांची गत एकच. गावकुसाबाहेरच्यांना तर गाभारा सोडा, कितीतरी गावांत पालखीच्या वाटेवर उभं राहण्याची जागासुद्धा आखून दिलेली होती.

म्हणून फ्लेक्सला नुसत्या शिव्या घालणं मला पटत नाही. फ्लेक्स कुरूप आहे, प्लॅस्टिक आहे, वाऱ्यानं फाटून गटारीत जातो, सगळं खरं. पण जी सत्ता समस्त ग्रामस्थांच्या पदराआड होती ती त्यानं दहा बाय वीसमध्ये चौकात आणून टांगली. कुणाचा गट कुणाबरोबर गेला हे कळायला आम्हा पत्रकारांना पूर्वी चार घरचे चहा प्यावे लागायचे, आता फ्लेक्सवरचे फोटो मोजले की झालं. शिवाय ज्या वस्तीतल्या पोराचं नाव हँडबिलात सात पिढ्या आलं नसतं, तो आता स्वतःच्या पैशानं जयंतीचा फ्लेक्स लावतो आणि त्यावर स्वतःचा फोटो छापतो. त्याला कुणी कुरूप म्हणायच्या आधी मी दोनदा विचार करीन.

खटकतं ते दुसरंच. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. सरपंच बाई असते. फ्लेक्सवर बघा. तिचा फोटो छोटा, शेजारी ‘सौ.’ लावलेलं नाव, आणि मोठा फोटो नवऱ्याचा. जिच्या देवळासमोर हे चाललंय ती देवी बाई, गावची प्रमुख बाई, आणि मधोमध मिशा. मॅलेटच्या दरबारचित्रात पेशवा नावाला मधे आणि कारभार भलत्याच्याच हातात, त्याचीच ही गावठी आवृत्ती. फरक एवढाच की सवाई माधवराव पोरवयाचे होते, आमच्या सरपंचबाई चांगल्या चाळिशीच्या असतात.

दुसरं म्हणजे पैसा. यात्रेच्या पुरवणीला शुभेच्छांच्या जाहिराती असतात. माझ्यासारख्याचं वर्षाचं गणित बऱ्यापैकी त्यावर चालतं, हे लपवण्यात अर्थ नाही. एका गावच्या पुरवणीच्या वेळी मला निरोप आला की अमुक फोटो पहिल्या पानावर देवीच्या वर घ्या, शेजारी नको, वर. मी देवीचा फोटो पानाच्या माथ्यावर नेला आणि खाली रेघ मारली. ती जाहिरात पुढच्या वर्षी आली नाही. असल्या छोट्या छोट्या सेंटिमीटरांतच हा सगळा इतिहास चाललेला असतो. लंडनचा कोरीवकार काय, आणि शिरूरचा डीटीपीवाला काय, दोघांसमोर प्रश्न तोच: मधे कोण घ्यायचा आणि पैसे कोण देतंय.

तर आता माझी एक विनंती, आणि त्यासाठीच खरं तर एवढं लिहिलं. कवठे, मलठण, टाकळी हाजी, पाबळ, रांजणगाव, इकडं न्हावरा-दौंडपर्यंत जुन्या वाड्यांत, देवघरांत, माळ्यावर जुन्या तसबिरी पडून असतील. त्या फेकू नका, भंगारात देऊ नका. फ्रेमच्या आत, चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरं असतात, तेवढी वाचा: ‘चित्रशाळा, पुणे’ किंवा इंग्रजीत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. काच काढू नका, कागद काचेला चिकटलेला असतो आणि फाटतो. दिवसा, खिडकीशी, फ्लॅश न मारता फोटो काढा आणि मला पाठवा. मागच्या पुठ्ठ्यावर कुणी तारीख, दुकानाचं नाव, लग्नातली भेट असं काही लिहिलं असेल तर त्याचाही. यात्रेची जुनी हँडबिलं असतील तर ती मला तसबिरींपेक्षा जास्त हवीत, कारण तसबिरी संग्रहालयांत आहेत आणि आपल्या यात्रांची हँडबिलं कुठंच नाहीत.

आणि यंदा दसऱ्याला पालखी निघेल तेव्हा ज्यांच्याकडे बरा मोबाइल आहे त्यांनी एक करा. पालखीचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही संबळ-हलगी वाजवणाऱ्यांचा, मशाल धरणाऱ्यांचा, मागच्या दांडीला खांदा दिलेल्यांचा काढा, आणि खाली त्यांची नावं लिहा. त्यांना विचारून, पूर्ण नावं.

चित्रांचं पुढचं, म्हणजे रांजणगावचा महागणपती आणि एकाच कागदावर आठ गणपती छापायची पद्धत, यावर सवडीनं लिहीन.